एक जोडी हातमोजे : संरक्षण खर्चावरच्या एका वादाचा प्रकरण अभ्यास

इंदुरात बर्फ म्हणजे गोळा. उन्हाळ्यात रंध्यावर किसायचा, काडीभोवती दाबायचा, वरून कालाखट्टा ओतायचा. आभाळातून पडणारा बर्फ इथल्या माणसाने पाहिला असेल तर सहलीत, मनालीला, भाड्याचे गमबूट घालून. त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारी, सुदामानगरातल्या आमच्या शेजारच्या घरात चाळिशीतले सख्खे भाऊ-बहीण तीस वर्षांपूर्वीच्या हिमवर्षावावरून आवाज चढवून भांडू लागले, तेव्हा मला आधी हसू आलं. जिरावण घातलेले पोहे बशीत निवत होते. भांडण खरं तर बर्फाचं नव्हतंच. भारताने लष्करावरचा खर्च कमी करावा की नाही, यावरून ते पेटलं होतं आणि काडी मी लावली होती.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी कॉलनीतल्या मुलांची मराठी वादविवादाची तयारी करून घेतो. इथे मराठी मंडळांच्या स्पर्धा होतात, ढाल असते, पहिल्या रांगेत आजी-आजोबा असतात. हिंदीत विचार करून मराठीत बोलणाऱ्या मुलांना उभं करायचं तर निम्मा वेळ क्रियापदं दुरुस्त करण्यात जातो. या वेळी क्रियापदं ठीक होती. चूक दुसरीकडे झाली आणि ती माझी होती. पुढे ती जागेवर सांगतोच.

घरातली माणसं

आजोबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे. नोकरी इंदूरजवळच्या महू छावणीतल्या लष्करी कार्यालयात, पण वर्दीवाली नाही, कारकुनाची. लष्कराची प्रशिक्षण कमांड १९९१ साली महूत सुरू झाली आणि ३१ मार्च १९९३ ला शिमल्याला हलली. कपाटं गेली, फायली गेल्या, त्यांच्यामागोमाग काही कारकूनही गेले. त्यांत हे एक. बरोबर आजी, अकरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. तीन हिवाळे तिथे काढून १९९६ मध्ये कुटुंब परत आलं.

तो मुलगा आज त्रेचाळीस वर्षांचा आहे, कर सल्लागार. मुलगी देवासला दिलेली, शाळेत शिकवते, रविवारी माहेरी चक्कर टाकते. माझी विद्यार्थिनी म्हणजे त्या मुलाची मुलगी, अकरावीतली. स्पर्धेचा विषय आला, ‘भारताने संरक्षण खर्चात कपात करावी.’ चिठ्ठीत तिला पक्षाची बाजू मिळाली, म्हणजे कपात करावी असं बोलायचं. लष्कराच्या पगारावर चाललेल्या घरातल्या मुलीला! आजी म्हणाल्या, “अगं, चिठ्ठी बदलून घे की.” चिठ्ठ्या बदलता येत नाहीत.

पहिला मसुदा

तो सगळ्यांचा असतो तसाच होता. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला गेला होता, त्यात २०२५-२६ साठी संरक्षणाला ६,८१,२१० कोटी रुपये. आदल्या वर्षी ६,२१,९४० कोटी होते, म्हणजे वाढ साडेनऊ टक्क्यांची. त्यापुढे तिने लिहिलं होतं की एवढ्या पैशात किती शाळा होतील, किती दवाखाने होतील. मी तो कागद बाजूला ठेवला. कारण समोरचा वक्ता कोणता कागद आणणार तेही मला ठाऊक होतं. सियाचिन, उणे पन्नास अंश, शहीद, टाळ्या. शाळा विरुद्ध शहीद असा सामना लावला की शहीद जिंकतात. पहिल्या रांगेतले आजोबा रुमाल काढतात आणि वाद तिथेच संपतो.

“घरात कुणी बर्फात राहिलंय का?” मी सहज विचारलं.

“बाबा राहिलेत की,” ती म्हणाली. “त्यांची हातमोज्याची गोष्ट आहे.”

गोष्ट, भावाच्या तोंडून

शिमल्याच्या शाळांना मोठी सुट्टी उन्हाळ्यात नसते, जानेवारी-फेब्रुवारीत असते. त्यामुळे बर्फ पडायचा तेव्हा पोरं दिवसभर मोकळी. पहिल्या दिवशी इंदूरच्या या दोघांनी काय केलं असेल? घरातून वाटी आणि चमचा आणला, वर आजीच्या बाटलीतलं कोकम सरबत ओतलं आणि भिंतीवर बसून खाल्लं. फुकटचा गोळा! खालच्या मजल्यावरची पहाडी मुलं पोट धरून हसली. मग त्यांनीच यांना शिकवलं. रिकाम्या खताच्या गोणीवर बसून उतारावरून घसरायचं कसं, पत्र्याच्या छपराखाली उभं का राहायचं नाही (ऊन चढलं की अख्खा थर धप्पकन खाली येतो), आणि कोणता बर्फ कशाला चालतो.

हे शेवटचं भाऊ फार रंगवून सांगतो. रात्री कडाक्यात पडलेला बर्फ पिठीसाखरेसारखा कोरडा असतो, मूठ कितीही आवळा, जमत नाही. दुपारी ऊन लागून जरा पाझरला की रव्याच्या लाडवासारखा वळता येतो. रात्री तोच पुन्हा गोठतो आणि सकाळी पायाखाली काच. लाडवाचा पाक जमला की नाही ते बोटाला जसं कळतं तसंच हे. म्हणून या घरात बर्फाच्या चेंडूला आजही ‘लाडू’च म्हणतात. लाडवांची लढाई दुपारी दोन ते चार.

हातमोजे मात्र दोघांत मिळून एकच जोडी होती, लोकरीची, निळी. आजोबांचा पगार घरभाडं, कोळसा, शाळेची फी आणि इंदूरला त्यांच्या आईला जाणारी मनीऑर्डर यांत संपायचा. मग वाटणी झाली. उजवा हातमोजा भावाला, डावा बहिणीला, मोकळा हात खिशात. “आणि आम्ही जिंकायचो, काका!” भाऊ मला म्हणाला. “एका हातमोज्यावर जिंकायचो. गरज किती आणि हव्यास किती, ते मला तिथे कळलं. लष्कराचंही तेच आहे. थोडक्यात भागवायची सवय लागली की भागतं.”

मला गोष्ट आवडली. कपातीच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीला सुरुवात म्हणून याहून काय हवं? त्या आठवड्यात आम्ही ती घासून-पुसून चाळीस सेकंदांत बसवली.

तीच गोष्ट, बहिणीच्या तोंडून

रविवारी आत्या देवासहून आली. भाचीने तिच्यापुढे भाषण म्हणून दाखवलं. ‘आम्ही जिंकायचो’ या वाक्यापाशी आत्याने बशी खाली ठेवली.

“दादा, लाडू वळायचं कोण?”

“तू.”

“आणि फेकायचं कोण?”

इथून आवाज चढले. झालं होतं ते असं. भाऊ मोठा, त्याचा नेम चांगला, म्हणून तो फेकणार. फेकायला उजवा हात लागतो, म्हणून उजवा हातमोजा त्याचा. त्याचा डावा हात खरोखरच खिशात असायचा. पण लाडू एका हाताने वळत नाहीत. ही आठ वर्षांची पोरगी भिंतीआड बसून दोन्ही हातांनी वळत असे, एका हातात मोजा, दुसरा उघडा. मोज्यातला हातही काही सुखात नसे. लोकरीला बर्फाचे गोळे चिकटतात, दहा मिनिटांत ती भिजते आणि ओली लोकर घालण्यापेक्षा नसलेली बरी वाटते. बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. दुखायची थांबली की पोराला वाटतं, बरं झालं. घरी येऊन अंगीठीसमोर हात धरले की मग खरा ठणका सुरू होतो. थंड पडलेली बोटं एकदम शेकली की सुजतात, लाल-जांभळी होतात, रात्रभर खाजतात. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या तीन हिवाळ्यांत दर वर्षी सुजली.

“तू जिंकायचास,” ती म्हणाली. “मी वळायचे. एका हातमोज्यावर भागतं म्हणणारा तू कोण?”

भाऊ गप्प बसणारा नाही. तो म्हणाला, “मग लढाई थांबवायची होतीस.” ती म्हणाली, “तू थांबवू दिली असतीस?” आजी मधे पडल्या. आजोबा वर्तमानपत्रामागे होते आणि वर्तमानपत्र बराच वेळ उलटलं गेलं नव्हतं. त्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

भाची माझ्याकडे बघत होती. चाळीस सेकंदांची सुरुवात गेली, आता काय? मी म्हटलं, गेली नाही, आता कुठे कामाची झालीय.

सहा लाख ऐंशी हजार कोटींत काय असतं

‘कपात’ हा एक शब्द वाटतो, पण कापायच्या गोष्टी चार आहेत. २०२५-२६ चे ६,८१,२१० कोटी आम्ही फळ्यावर फोडले. तिन्ही दलांचे पगार, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती, रेशन, कपडे असा चालू खर्च ३,११,७३२ कोटी. विमानं, जहाजं, तोफा असा भांडवली खर्च १,८०,००० कोटी. पेन्शन १,६०,७९५ कोटी. उरलेले सुमारे २८,७०० कोटी संरक्षण मंत्रालयाच्या इतर नागरी खात्यांचे. म्हणजे शंभर रुपयांतले साधारण साडेतेवीस पेन्शनचे. आणि हे पेन्शन फक्त सैनिकांचं नसतं, संरक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या नागरी कर्मचाऱ्यांचंही त्यातच येतं. नातीने खडू थांबवला आणि आजोबांकडे पाहिलं. “म्हणजे आजोबा यात आहेत?” आहेत. पोह्यांतले शेंगदाणेही त्यातलेच.

आता घरभाड्याचं गणित घ्या. महिन्याच्या पगारात घरभाडं कापता येत नाही, मालक बाहेर काढेल. मनीऑर्डर कापता येत नाही, म्हातारी माणसं वाट बघतात. कोळसा कापला तर सगळेच गारठतात. मग कात्री कुठे लागते? जे सगळ्यांत मोठं आहे तिथे नाही, जे हलवता येतं तिथे. लष्कराच्या हिशेबातही शिपायाचा पगार हलत नाही, पेन्शन तर वाढतच जातं. १ जुलै २०१४ पासून ‘समान पद, समान पेन्शन’ लागू झाल्यावर तर अधिकच. विमानाचा करार झाला की हप्ते बांधलेले. मग ओढाताण झाली की ती चालू खर्चातल्या किरकोळ वाटणाऱ्या ओळींत होते. सरावाच्या गोळ्या, सुटे भाग, बूट, मोजे.

हे मी हवेतलं बोलत नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांचा एक अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. अतिउंचावरच्या सैनिकांच्या सामानाचा त्यात हिशेब आहे. बर्फात वापरायच्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुपयोगी बूट आलेच नाहीत, म्हणून जुने बूट दुरुस्त करून पुन्हा वापरले गेले. रेशनमधल्या पर्यायी जिनसांमुळे काही ठिकाणी उष्मांक ८२ टक्क्यांपर्यंत घटले. लष्कराने नंतर सांगितलं की अहवाल जुन्या काळाचा आहे आणि परिस्थिती सुधारली आहे. ते खरं धरू. तरी गॉगल कमी पडले त्या वर्षी संरक्षणावरचा खर्च कमी झालेला नव्हता, हे पाहण्यासारखं आहे. कपात कुणी जाहीर केली नव्हती आणि हातमोजा तरी एकच उरला होता.

मराठी माणसाला याचं जुनं उदाहरण पाठ आहे, पण आपण त्याचा दुसरा अर्धा भाग विसरतो. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य घरोघरी गेलं. सह्याद्री धावला त्याच्या महिनाभर आधी चीनच्या सीमेवर नामका चू नदीकाठी आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. बर्फातल्या लढाईचं प्रशिक्षण देणारी शाळा गुलमर्गला १९४८ पासून होती. म्हणजे बर्फ काय करतो हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असणारा आणि मोजे वाटणारा हे वेगवेगळे होते.

कापायचं तर कुठे, आणि कुणाचं

इथे नातीची बाजू उभी राहिली. मुद्दा असा की कपात आपण ठरवून केली नाही तर ती आपोआप होते, आणि आपोआप होते ती लाडू वळणाऱ्याच्या हातावर. म्हणून ठरवून करा.

ठरवून केलेल्या कपातीचं उदाहरण तिला घरातच मिळालं. आजोबांना महूच्या मिलिटरी डेअरीच्या दुधाची साय आठवते. इंग्रजांनी फौजेला चांगलं दूध मिळावं म्हणून हे फार्म काढले, पहिला १८८९ मध्ये अलाहाबादला. तेव्हा बाजारात भरवशाचं दूध नव्हतं. पुढे ते जिकडेतिकडे मिळू लागलं तरी फार्म चालूच राहिले. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. लढणाऱ्यांच्या मागे रसद आणि कारकुनी यांचा जो लांबलचक पसारा असतो, तो आखडता घ्यावा असा त्याचा रोख होता. सरकारने पहिल्या टप्प्यात मान्य केलेल्या ६५ शिफारशींत ३९ मिलिटरी फार्म बंद करणं होतं. १३२ वर्षांनी, ३१ मार्च २०२१ ला ते बंद झाले. एकाही चौकीवरचा बूट त्यासाठी कापावा लागला नाही. लष्करी बोलीत लढणाऱ्यांना दात आणि पुरवठा करणाऱ्यांना शेपूट म्हणतात. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, “म्हणजे मी शेपूट.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही. समितीचं म्हणणं मला पटतं, पण लाडू वळणारीही शेपटातच धरली जाते ही त्यातली गोम आहे. शेपूट छाटताना गाय कोणती आणि पोरगी कोणती हे बघावं लागतं.

दुसरी गोष्ट मुलांना सांगितली ती माझ्या स्वतःच्या रागाची आहे. कपात बहुधा आत बसलेल्याची होत नाही, दाराबाहेर उभा असतो त्याची होते. आजोबा जुन्या पेन्शनवर निवृत्त झाले. त्याच कार्यालयात १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या नागरी कर्मचाऱ्याला ते मिळत नाही, त्याच्यासाठी नवी योजना. जून २०२२ मध्ये अग्निपथ ही सैन्यभरतीची नवी योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केलं जाणार, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांची सेवानिधी आणि पेन्शन नाही. पेन्शनचं ओझं वाढतंय हे खरं आहे. सैन्य तरुण राहावं हेही खरं. पण ओझं टाकलं गेलं ते साडेसतरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर, ज्याला मतही देता येत नाही. हे वाक्य मी भाषणात घालू दिलं नाही, टाळ्या मिळतात म्हणून. इथे लिहितोय, इथे टाळ्या नाहीत.

आणि महूचं काय सांगावं! ती छावणीच मुळी एका कपातीतून जन्मली. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. तहात लिहून घेतलं गेलं की होळकरांनी जादा फौज कमी करावी आणि उत्पन्नाला झेपेल त्याहून मोठी ठेवू नये. त्याच वर्षी इंग्रज सेनाधिकारी जॉन माल्कमने महूला ईस्ट इंडिया कंपनीची छावणी वसवली. इकडची फौज कापली, तिकडची आली. कुणी कुणाला कापायला सांगतोय हे पाहिल्याशिवाय ‘कपात चांगली’ म्हणू नये, एवढं त्यातून मुलांना कळलं तरी पुष्कळ. वेळ नव्हता म्हणून हे भाषणातून गाळलं.

स्पर्धेचा दिवस

नात चांगली बोलली. सुरुवात हातमोज्याने, पण आता आत्याच्या बाजूने. लाडू वळणारा हात, सुजलेली बोटं, मग गॉगल आणि बूट, मग मिलिटरी फार्म. चार मिनिटांत बसलं. पहिल्या रांगेत रुमाल निघाले आणि ते कपातीच्या बाजूने निघाले. शाळा विरुद्ध शहीद हा सामना झालाच नाही, यावर मी मनातल्या मनात खूश होतो.

विपक्षात महूचा एक मुलगा होता. त्याचा मोठा भाऊ भरतीची तयारी करतो, पहाटे चारला धावायला जातो. मुलाने सियाचिन काढलंच नाही. तो प्रश्नोत्तरांत उठला आणि शांतपणे म्हणाला, “ताई, तुमच्या आजोबांच्या पगाराचा हिशेब तुम्ही सांगितला. घरभाडं, कोळसा, फी, मनीऑर्डर. देशाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट असते, भांडवली खर्च. घराच्या हिशेबात ती कुठे आहे? हातमोज्याचे पैसे खरंच नव्हते, की दुसरीकडे गेले?”

तिला उत्तर देता आलं नाही. “पैसे नव्हते,” एवढंच म्हणाली. तो म्हणाला, “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” घंटा झाली. तिला दुसरं बक्षीस मिळालं, त्याला पहिलं. योग्यच होतं.

माझी चूक ती हीच. एकतीस वर्षं बँकेत काढली. कर्जाच्या अर्जावर माणूस ‘शिल्लक काही नाही’ लिहितो तेव्हा पासबुक मागायचं, हे माझ्या हाडात आहे. इथे मात्र आठवण इतकी गोड होती, आणि नंतर इतकी टोचणारी, की मी तिचं पासबुक मागितलंच नाही. भावाची गोष्ट बहिणीने खोडली तेव्हा मला वाटलं, उलटतपासणी झाली. झाली होती ती दोन मुलांची. ज्याने पैसे मोजले होते तो माणूस त्याच खोलीत वर्तमानपत्र धरून बसला होता आणि त्याला आम्ही कुणी काही विचारलं नव्हतं.

ओटल्यावर

पुढच्या रविवारी नातीने विचारलं. आजोबा ओटल्यावर ऊन घेत बसले होते. बाकी सगळे होते, मीही होतो. आजोबांनी आधी “काय गं, इतकं जुनं” म्हणून टाळलं. मग आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक फाईल घेऊन आले. आयुष्यभर फायली सांभाळलेला माणूस, सुतळीची गाठसुद्धा सारखी.

पोस्टातली आर. डी. होती. शिमल्याच्या तिन्ही वर्षांत दर महिन्याला भरलेली, एकही हप्ता चुकलेला नाही. परत आल्यावर ती मोडून या प्लॉटचे पैसे भरले.

“सरकारी क्वार्टर मिळालं नव्हतं,” आजोबा म्हणाले. “भाड्याच्या खोलीत दिवस काढत होतो. म्हटलं, परत जाऊ तेव्हा इंदुरात आपलं छप्पर नको का? हातमोज्यांच्या दुसऱ्या जोडीने काही आर. डी. बुडाली नसती, हे खरंय. पण एकदा हात सैल सोडला की मग सगळंच लागतं. यंदा मोजे, पुढच्या वर्षी बूट.”

“मी म्हटलं होतं,” आजी म्हणाल्या. “दुसरी जोडी मी विणते म्हटलं होतं. लोकर आणू दिली नाहीत.”

“लोकरीलाही पैसे लागतात.”

भाऊ म्हणाला की बाबांचं बरोबरच होतं, तेव्हा घेतलेला प्लॉट आज घेता आला असता का? महूच्या त्या मुलाचाही मुद्दा हाच असावा, असं मला आता वाटतं. भांडवली खर्चाची ओळ दिसत नाही, कारण तिचं फळ उशिरा येतं आणि तिचा हप्ता मात्र दर महिन्याला दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांतून जातो. ते चूक की बरोबर हे मला त्या ओटल्यावर बसून सांगता येईना. ओटलाच त्या हप्त्यांचा होता ना.

आत्या फाईल चाळत होती. पासबुक, पावत्या, मग रजिस्ट्रीची झेरॉक्स. ती तिने दोनदा वाचली.

“यात दादाचं नाव आहे,” ती म्हणाली. “बाबांचं आणि दादाचं. माझं का नाही? एक हातमोजा माझाही आहे यात.”

“बेबी, हे आता काय मधेच?” भाऊ म्हणाला.

“मधेच कुठे?” आत्या म्हणाली. “तीस वर्षं थांबले की.”